केळीच्या पानावर ०.९७ : यंत्राला ‘माहीत नाही’ म्हणता यावं यासाठी काय करायचं?

कांदेबाग (धागाकर्ता)

रावेर-यावल पट्ट्यात पानाच्या फोटोवरून केळीचा रोग ओळखणारं मॉडेल वापरायचं म्हटलं की रोगाच्या आधी आकड्याची अडचण येते. वर्ग चार: निरोगी, करपा, हरण्या, अन्नद्रव्याची कमतरता. फोटो दिला, उत्तर आलं ‘हरण्या, ०.९७’.

हरण्या म्हणजे सीएमव्ही, मावा ही कीड पसरवते तो काकडीवर्गीय मोझॅक विषाणू. त्याला औषध नाही. झाड मुळासकट उपटायचं, बागेबाहेर नेऊन नष्ट करायचं, मावा आवरायचा आणि आजूबाजूची काकडीवर्गीय पिकं व तण काढायचं. करप्याचं तसं नाही, तिथे रोगट पान कापून बुरशीनाशक फवारता येतं. म्हणजे कुदळ चालवायची की नाही ते या आकड्यावर ठरतं.

तर हा ०.९७ नक्की कशाचा? झाडाचा, मॉडेलचा, की आपल्या अज्ञानाचा? आणि मॉडेलनं असलं पान कधी पाहिलंच नसेल तर ते त्याला कळतं का? लायब्ररींच्या नावांची यादी नको. विचार आणि त्यातून निघणारी कृती, दोन्ही लिहा.

---

हतनूर

आधी आकडा कुठून येतो ते बघू. शेवटच्या थरातून चार कच्चे गुण बाहेर पडतात. समजा ६, २, १ आणि ०.५. सॉफ्टमॅक्स त्यांचं घातांकी रूप घेतो आणि बेरजेनं भागतो. पहिल्या वर्गाला ०.९७ मिळतात. आता चारही गुण २ नं भागा आणि पुन्हा तेच करा: ०.७८. क्रम तोच राहिला, फक्त रुबाब उतरला. या भाजकाला टेंपरेचर म्हणतात. आताची खोल नेटवर्क वाजवीपेक्षा जास्त खात्रीनं बोलतात, आणि बऱ्याचदा हा एकच भाजक ते बरंचसं दुरुस्त करतो, हे गुओ आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवलं.

पासंग (सांगितलेली खात्री आणि खरी अचूकता यांतला फरक) बघायची रीत अशी. प्रशिक्षणात न वापरलेले फोटो घ्या आणि उत्तरांचे कप्पे पाडा. ०.९ ते १ च्या कप्प्यात २०० फोटो पडले आणि त्यातले १५६ च बरोबर निघाले, तर तिथली खरी अचूकता ७८ टक्के. सगळ्या कप्प्यांत आकडा आणि अचूकता जुळेपर्यंत भाजक शोधायचा. व्यवहारात लॉग-लॉस (खात्रीनं चुकलेल्या उत्तराला जबर दंड करणारं माप) सर्वात कमी करणारा भाजक घेतात, त्याला मिनिटभरही लागत नाही.

चुकतं ते फोटो वाटताना. एकाच बागेतले फोटो प्रशिक्षणातही आणि तपासणीतही गेले की मॉडेल पान न ओळखता बाग ओळखतं: ठिबकची नळी, मातीचा रंग, त्या दिवसाचं ऊन. मग पासंग शून्य दिसतो आणि नव्या बागेत तराजू आडवा होतो. विभागणी फोटोनिहाय नको, बागेनिहाय हवी. २० बागांतले ५०० फोटो हे ५०० स्वतंत्र पुरावे नव्हेत, २० च्या जवळचे आहेत.

---

तापीकाठ

हतनूर म्हणतात ते कप्प्याबद्दल खरं आहे, पण धाग्याचा प्रश्न एका झाडाचा आहे. ‘अशा शंभर उत्तरांतली ७८ बरोबर निघतात’ हे वारंवारतेचं विधान झालं. समोरच्या झाडाला एक तर हरण्या आहे किंवा नाही, ते ७८ टक्के आजारी नसतं. तत्त्वज्ञ रॅम्सेनं १९२६ मध्ये आणि गणिती द फिनेतीनं १९३७ मध्ये यावर वेगळी वाट काढली. संभाव्यता म्हणजे तुम्ही कोणत्या भावानं पैज घ्याल तो भाव, आणि तुमचे भाव आपसात विसंगत असतील तर समोरचा अशा पैजा रचू शकतो की निकाल काहीही लागला तरी तुम्हीच हराल. या मतानुसार ०.७८ हा आपल्या माहितीचा आकडा आहे, झाडाचा नाही. माहिती बदलली की तोही बदलायला हवा.

आणि इथेच सर्वात मोठी चूक होते. प्रशिक्षणात चारही वर्गांचे फोटो सारखे घेतलेले असतात, म्हणजे हरण्या २५ टक्के. तुमच्या बागेत तो १०० झाडांत २ असेल तर? बाकी तीन वर्गांचं आपसातलं प्रमाण तेच आहे असं धरून हिशोब करा. ०.७८ म्हणजे ७८ ला २२, गुणोत्तर ३.५५. प्रशिक्षणातलं गुणोत्तर १ ला ३, बागेतलं २ ला ९८. ३.५५ ला (२/९८) नं गुणा आणि (१/३) नं भागा: ०.२१७. परत संभाव्यतेत आणलं की सुमारे ०.१८.

म्हणजे पडद्यावर ०.९७, पासंग काढल्यावर ०.७८ आणि बागेचा विचार केल्यावर ०.१८. झाड तेच, फोटोही तोच. ज्या बागेत हरण्याची साथ चालू आहे तिथे हाच फोटो पुन्हा वर जाईल. म्हणून ॲपनं फोटोच्या आधी एक प्रश्न विचारावा: ‘बागेत आधी किती झाडं उपटली?’

---

भरीत_भाकरी

तापीकाठताई, हिशोब पटला. पण ०.१८ हातात घेऊन शेतकऱ्यानं करायचं काय? नुसत्या संभाव्यतेवर कोणी कुदळ उचलत नाही, नुकसान बघून उचलतो.

समजा लागवड महिना-दीड महिन्याची आहे. निरोगी झाड चुकून उपटलं तर टिश्यूकल्चरचं रोप, मजुरी आणि नांगी भरायचा (रिकाम्या जागी नवं रोप लावायचा) खर्च मिळून १५० रुपये गेले असं धरा. हरण्याचं झाड राहून गेलं तर ते झाड आणि माव्यानं शेजारी पोहोचवलेला रोग मिळून १२०० रुपये धरा. आकडे उदाहरणाचे आहेत, आपापले घाला. झाडाला हरण्या असण्याची संभाव्यता प धरा. उपटण्याची वेळ कधी? १२०० गुणिले प हे १५० गुणिले (१ − प) पेक्षा जास्त झालं की. प = १५०/१३५० = ०.११. म्हणजे ११ टक्के शंकेवरच झाड उपटणं परवडतं! ‘५० टक्क्यांच्या वर हो, खाली नाही’ हा मॉडेलमधला आयता उंबरठा इथे कुचकामी आहे.

आता तिसरा पर्याय धरा: जाणकार माणूस येऊन झाड पाहणार, झाडामागे ४० रुपये. सोडून देण्यापेक्षा दाखवणं कधी बरं? प ४०/१२०० च्या वर, म्हणजे ०.०३३. उपटण्यापेक्षा दाखवणं कधी बरं? (१ − प) × १५० हे ४० पेक्षा जास्त असेपर्यंत, म्हणजे प ०.७३ च्या खाली. तर ३.३ टक्क्यांखाली सोडा, ७३ च्या वर उपटा, मधल्यांना माणूस दाखवा. ताईंचा ०.१८ मध्येच पडतो. कच्चा ०.९७ किंवा नुसता पासंग काढलेला ०.७८ घेतला असता तर मात्र झाड गेलं असतं.

‘माहीत नाही’ या उत्तराची किंमत अशी काढता येते. चाव यांचा १९७० चा नियम हाच आहे. आणि हे उंबरठे वयाप्रमाणे हलतात. बाग निसवल्यावर (घड बाहेर पडल्यावर) नांगी भरता येत नाही, म्हणून चुकीचं उपटणं महागतं. लागवडीचे आणि निसवणीनंतरचे उंबरठे ॲपमध्ये वेगळे ठेवा.

---

खापरावरचे_मांडे

मग सगळीच झाडं माणसाला दाखवा की! पाच फूट बाय पाच फुटावर हेक्टरी सुमारे ४३०० झाडं, गुणिले ४० रुपये. पावणेदोन लाख. चुकायची भीतीच नको. ;)

---

भरीत_भाकरी

मांडेभाऊ, गंमत केली तरी मुद्दा खरा आहे. माणूस दिवसाला समजा ६० झाडं नीट बघतो. मग मधला पट्टा रुपयांवर नाही, त्याच्या ६० वर ठरतो. पट्ट्यातली झाडं ‘न दाखवल्यास अपेक्षित नुकसान’ अशा उतरत्या क्रमानं लावा आणि वरची ६० घ्या. उरलेल्यांचा निर्णय ०.११ च्या रेषेवर. यादी कायम ६० च्या वर जात असेल तर माणूस वाढवा नाहीतर मॉडेल सुधारा. उंबरठा गुपचूप खाली-वर करून यादी छोटी दाखवू नका.

---

स्थाणुर्वा

आतापर्यंतची चर्चा एक गृहीत धरून चालली आहे: पान या चार वर्गांपैकीच कशाचे तरी आहे. सॉफ्टमॅक्सची बेरीज १ व्हावीच लागते, त्यामुळे त्याला बैलाचा फोटो दिला तरी तो चार रोगांत वाटणी करणार.

आपल्याकडच्या दर्शनांत हे दोन प्रकार फार पूर्वी वेगळे केलेले आहेत. संध्याकाळी दूर काहीतरी उभे दिसते. खांब आहे की माणूस? उंची दोघांनाही लागू पडते, आणि फरक दाखवणारी खूण (हात हलणे, ढोली) दिसत नाही. हा संशय. त्यात पर्याय माहीत असतात, निर्णय होत नाही. वैशेषिक दर्शनाचे भाष्यकार प्रशस्तपाद यांनी अविद्येच्या प्रकारांत संशयाशेजारी अनध्यवसाय असा निराळाच प्रकार मांडला आहे. त्यांचे उदाहरण वाहीक देशातल्या माणसाचे आहे. त्याने फणसाचे झाड कधी पाहिलेले नाही. झाड आहे, पाने आहेत, फांद्या आहेत, एवढे त्याला कळते, पण ‘हे काय?’ याच्यापुढे जाता येत नाही. त्याच्याकडे दोन पर्यायही नाहीत. अहिराणीत विचारायचे तर नुसते ‘हाई काय शे?’

करपा आणि कमतरता यांत अडकलेले मॉडेल संशयात आहे. तिथे दुसऱ्या बाजूने फोटो घेऊन किंवा पानाची खालची बाजू बघून प्रश्न सुटू शकतो. तणनाशकाच्या वाऱ्याने चट्टे पडलेले पान समोर आले आणि तो वर्गच यादीत नसेल, तर तो अनध्यवसाय. तिथे आणखी दहा फोटो घेतले तरी उपयोग नाही. दोन्हींसाठी एकच ‘खात्री कमी’ असा संदेश दाखवणे म्हणजे दोन रोगांना एकच औषध देणे.

---

तापीकाठ

छान. अर्थशास्त्रात फ्रँक नाइटनं १९२१ मध्ये जोखीम (शक्यता मोजता येते) आणि अनिश्चितता (मोजता येत नाही) अशी फोड केली, ती या भेदाच्या जवळची आहे पण हीच नव्हे. एल्सबर्गचं १९६१ चं उदाहरण घ्या. पिशवीत ९० चेंडू आहेत, ३० लाल, उरलेले ६० काळे किंवा पिवळे, किती कोणते ते सांगितलेलं नाही. बहुतेक लोक काळ्यापेक्षा लालवर पैज लावतात. पण ‘काळा किंवा पिवळा’ आणि ‘लाल किंवा पिवळा’ यांत निवडायला सांगितलं की ‘काळा किंवा पिवळा’ घेतात. एकाच संभाव्यतेत हे दोन्ही बसत नाही. इथे पर्याय माहीत आहेत, भाव माहीत नाही. म्हणजे संशय आणि अनध्यवसाय यांच्या मधली जागा.

अशा वेळी एक आकडा सांगण्यापेक्षा पट्टा सांगणं प्रामाणिक असतं. बागेतलं हरण्याचं प्रमाण अर्धा टक्का ते ५ टक्के यांतलं काहीही असू शकतं, तर वरच्याच फोटोसाठी ०.०५ ते ०.३६ असा पट्टा येतो. भरीतभाऊंचे उंबरठे लावा: दोन्ही टोकं ‘माणूस दाखवा’मध्येच आहेत. म्हणजे नेमका आकडा काढत बसायची गरजच नाही. पट्टा ०.०१ ते ०.२० आला असता तर मात्र तो ०.०३३ ची रेषा ओलांडतो. तिथे ‘वाईटात वाईट काय’ बघायचं. सोडलं तर वाईटात वाईट अपेक्षित नुकसान २४० रुपये, दाखवलं तर ४०. दाखवा. हाच नियम डोळे मिटून सगळीकडे लावला की मांडेभाऊंचे पावणेदोन लाख होतात, हेही खरं.

---

हतनूर

स्थाणुर्वांचे दोन प्रकार कोडमध्ये असे वेगळे काढता येतात. एकाच माहितीवर वेगवेगळ्या सुरुवातीपासून ५ मॉडेल शिकवा. (२०१७ च्या डीप एन्सेम्बल लेखानंतर ५ हा आकडा रूढ झाला, त्यात पवित्र काही नाही.) पाचही जण ‘करपा ०.५, कमतरता ०.५’ म्हणाले तर फोटोतच माहिती नाही, म्हणजे संशय. तिघे ०.९५ आणि दोघे ०.०५ म्हणाले तर सरासरी ०.५९, दिसायला जवळपास तीच, पण इथे मॉडेलांचंच एकमत नाही. मोजायला सोपं आहे: सरासरी उत्तराच्या एन्ट्रॉपीतून (अनिश्चिततेच्या मापातून) प्रत्येकाच्या एन्ट्रॉपीची सरासरी वजा करा. उरतं ते मतभेदाचं माप.

तरीही पाचही जण एकत्र चुकू शकतात, कारण सगळे एकाच फोटोंवर वाढलेत. म्हणून दुसरं कुंपण लागतं. शेवटून दुसऱ्या थरातला सदिश (फोटोचं आकड्यांच्या यादीतलं रूप) घ्या, प्रशिक्षणातल्या जवळच्या १० फोटोंपासूनचं अंतर काढा, आणि राखून ठेवलेल्या चांगल्या फोटोंत ज्या अंतराखाली ९९ टक्के येतात ते कुंपण धरा. बाहेर पडलं की वर्ग सांगायचाच नाही.

‘इतर’ असा पाचवा वर्ग करून भागेल असं बऱ्याच जणांना वाटतं. त्यात तुम्ही बैल, विहीर, ट्रॅक्टर भरता आणि मॉडेल तेवढंच ‘इतर’ शिकतं. तणनाशकाचं पान त्यात जात नाही, कारण ते केळीचं पान आहे.

---

खापरावरचे_मांडे

अवांतर: जैनांचा स्याद्वाद हाच आद्य संभाव्यतावाद ना? विधानाचे सात प्रकार म्हणजे सात भंग, ‘स्यात् अस्ति, स्यात् नास्ति’ वगैरे. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांनी लिहिलं होतं म्हणे.

---

स्थाणुर्वा

महालनोबिसांनी १९५४ मध्ये संख्याशास्त्राच्या पायाशी सप्तभंगीची सांगड घातली आणि जीवशास्त्रज्ञ हाल्डेन यांनी १९५७ मध्ये ‘संख्या’ या नियतकालिकात त्यावर लिहिले, हे खरे. पण ‘स्यात्’ म्हणजे ‘कदाचित’ नव्हे, ‘एका अपेक्षेने’. ‘एका अपेक्षेने घडा आहे’ या विधानात शंका नाही, दृष्टिकोन सांगितलेला आहे. त्याला टक्के चिकटवणे चूक. उपयोग निराळा आहे: मॉडेलच्या प्रत्येक उत्तरासोबत अपेक्षा लिहावी. ‘पावसाळ्यातल्या, मृगबागेच्या, रावेर तालुक्यातल्या फोटोंच्या अपेक्षेने, हरण्या.’ चौथा भंग ‘अवक्तव्य’ (सांगता न येणारे) मात्र हतनूर यांच्या कुंपणाबाहेरच्या पानाला शोभेल.

---

कांदेबाग

कॉन्फॉर्मल पद्धतीत ‘९० टक्के हमी’ मिळते असं वाचलंय. ती खरंच हमी आहे का?

---

तापीकाठ

अटींसह आहे, आणि अटी वाचल्याशिवाय सही करू नका. :)

रीत सोपी आहे. राखून ठेवलेले ५०० फोटो घ्या. प्रत्येकासाठी ‘१ वजा खऱ्या वर्गाला दिलेली संभाव्यता’ काढा आणि चढत्या क्रमानं लावा. ५०१ × ०.९ = ४५०.९, वर नेऊन ४५१. ४५१ वा आकडा हा उंबरठा. नव्या पानासाठी ज्या ज्या वर्गाचा आकडा उंबरठ्याच्या आत, ते सगळे उत्तरात. उत्तर ‘हरण्या’ न येता ‘हरण्या किंवा कमतरता’ येईल. खरा वर्ग या संचात असण्याची शक्यता किमान ९० टक्के, मग मॉडेल कितीही भिकार असो. भिकार मॉडेल फक्त मोठे संच देतं.

पहिली अट: नवं पान आणि ते ५०० एकाच पिशवीतले हवेत. जुलैचे फोटो घेऊन जानेवारीच्या थंडीत पिवळ्या पडलेल्या पानांवर वापरलं की हमी संपली. दुसरी: ९० टक्के हे सगळ्यांचे मिळून आहेत. निरोगी पानांत ९८ टक्के बरोबर आणि हरण्यात ६० टक्के, असं असूनही एकूण ९० भरू शकतात. म्हणून उंबरठा वर्गनिहाय काढा. त्यासाठी ९० टक्क्यांना प्रत्येक वर्गाचे किमान ९ नमुने लागतात, आणि ९ असतील तर उंबरठा म्हणजे त्यातला सर्वात मोठा आकडा, म्हणजे एका विचित्र फोटोच्या हाती सगळा कारभार. वर्गाला शंभरेक तरी घ्या. तेही वेगवेगळ्या बागांतले.

---

खापरावरचे_मांडे

पानांचं झालं. आता गप्पा मारणाऱ्या एआयचं सांगा. त्याला अहिराणीत विचारलं तर ते मराठीत उत्तर देतं, आणि तेही छातीठोक.

---

हतनूर

त्याचा ‘छातीठोक’पणा हा शैलीचा भाग आहे, मोजमाप नव्हे. जीपीटी-४ च्या २०२३ च्या तांत्रिक अहवालातच आलेख आहे: नुसत्या मजकुरावर शिकलेल्या मॉडेलचा पासंग बराच कमी होता, माणसांच्या पसंतीनुसार वळण लावल्यावर तो वाढला. ‘किती टक्के खात्री?’ असं त्यालाच विचारून आलेला ‘९५’ हाही पुढचा शब्दच असतो.

त्यापेक्षा तोच प्रश्न थोडं टेंपरेचर ठेवून (म्हणजे उत्तर दर वेळी थोडं बदलू देऊन) १० वेळा विचारा आणि उत्तरं अर्थानुसार गटांत पाडा, शब्दांनुसार नको. ‘फवारणी आठ दिवसांनी’ आणि ‘आठवड्यानं परत फवारा’ हा एकच गट. दहा उत्तरांचे सहा गट झाले तर ते उत्तर वापरू नका. सिमँटिक एन्ट्रॉपी ती हीच, २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये आली. पण दहाही उत्तरं सारखी आली म्हणजे बरोबर असं नाही. अहिराणी शब्द जवळच्या मराठी शब्दासारखा समजून दहाही वेळा तीच चूक होऊ शकते. औषधाचं प्रमाण असल्या संवादातून घेऊच नका, लेबल वाचा.

---

स्थाणुर्वा

चार्वाक इथे हसला असता. त्याचा आक्षेपच हा आहे: आजवर धुराबरोबर अग्नी दिसला, म्हणून उद्याही दिसेल, ही व्याप्ती (न चुकणारा संबंध) तुम्हाला कोणी दिली? तापीकाठ यांची ‘एकाच पिशवीतले’ ही अट म्हणजे तीच व्याप्ती. न्यायदर्शनातल्या उदयनाचार्यांचे उत्तर ‘व्याघातावधिराशङ्का’: शंका तिथवरच ताणावी, जिथे ती तुमच्या स्वतःच्या कृतीशी विसंगत होते. धुरासाठी रोज चूल पेटवणाऱ्याने धूर-अग्नीच्या संबंधावर शंका घेऊ नये. (श्रीहर्षाने याच श्लोकाचे शब्द फिरवून त्यांच्यावर उलटवले, ती वेगळी मजा.) पण केळीच्या पानाला ही सूट नाही. चूल रोज पेटते. ॲपच्या ‘सोडा’ म्हटलेल्या झाडाकडे पुन्हा कोणी बघतच नाही.

---

भरीत_भाकरी

शेवटचं वाक्य फ्रेम करून लावा. उपटलेलं झाड खरंच आजारी होतं का, ते कळत नाही, कारण ते आता नाही. सोडलेलं पुढे आजारी पडलं का, तेही कोणी नोंदवत नाही. फक्त मधल्या पट्ट्यातल्यांचं खरंखोटं होतं आणि मॉडेल तेवढ्यावरच सुधारत बसतं.

उपाय खर्चिक नाही. दर आठवड्याला ३० झाडं चिठ्ठ्या टाकून निवडा, मॉडेल काय म्हणतं ते न बघता, आणि तपासणाऱ्यालाही ते सांगू नका. उपटण्याआधी दर दहाव्या झाडाचं पान एलायझा तपासणीला (विषाणू ओळखणाऱ्या प्रयोगशाळेतल्या चाचणीला) पाठवा.

---

तापीकाठ

+१. फक्त ३० पैकी एकही चूक निघाली नाही तर ‘शून्य चूक’ असं लिहू नका. ९५ टक्के विश्वासानं एवढंच म्हणता येतं की चुकीचं प्रमाण १० टक्क्यांच्या खाली आहे (३ भागिले ३०). १ टक्क्याखाली म्हणायचं तर ३०० झाडं बिनचूक निघायला हवीत, म्हणजे दहा आठवडे. मध्येच हंगाम बदलला की मोजणी पहिल्यापासून.

---

कांदेबाग

पडद्यावरचा मजकूर आता असा केलाय, चूक असेल तर सांगा.

संशयासाठी: ‘हरण्या किंवा अन्नद्रव्याची कमतरता. उपटू नका. कोवळ्या पानाचा उजेडात आणखी एक फोटो द्या.’

कुंपणाबाहेरच्यासाठी: ‘हे पान ओळखीचं नाही. फोटो पुन्हा काढू नका. झाडाला फीत बांधा, माणूस बघायला येईल.’

टक्के कुठेच दाखवत नाही, ते नोंदीत जातात.

---

भरीत_भाकरी

दुसऱ्या मजकुरात ‘कधी येईल’ ते टाका. आणि दोन दिवसांत कोणी आलंच नाही तर काय, हेही आधीच ठरवा. फीत बांधलेलं झाड तसंच उभं राहिलं तर ‘माहीत नाही’ म्हणत ‘सोडा’च निवडल्यासारखं होतं, आणि मावा माणसाची वाट बघत नाही. महिना-दीड महिन्याच्या बागेत ०.११ च्या वर असेल तर तिसऱ्या दिवशी उपटा. निसवलेल्या बागेत फक्त माव्याचा बंदोबस्त करा आणि पुन्हा फोन लावा.